आबांच्या फेट्यातल्या अक्षता

१

कडा गावच्या बाजारपेठेत औषधांच्या दुकानावर जी माडी आहे, तिथे उज्ज्वलाचं मिक्सिंग सेंटर आहे. लग्नाचं शूटिंग कोणीही करो, आसपासच्या गावांतली निम्मी लग्नं शेवटी तिच्या कॉम्प्युटरवर येऊन पडतात. शूटिंगवाला चित्र आणून देतो, मंडपवाला आवाज आणून देतो आणि त्या दोघांची सोयरीक जुळवून उज्ज्वला त्यातून एक सिनेमा काढते. आपल्याकडे त्यालाच मिक्सिंग म्हणतात. सिनेमात नवरीच्या मामाचं तोंड राहिलं तर मामा माडी चढून भांडायला येतो, त्यामुळे तक्रारींची तिला सवय होती. पायऱ्यांवरची पावलं ऐकूनच ती ओळखायची की मामा आहे की आत्या.

त्या दिवशी सकाळी पायऱ्यांवर वाजलेली पावलं मात्र तिला ओळखू आली नाहीत. वर आले ते खडकओढ्याचे तानाजीराव. गावचे माजी सरपंच, शंभर माणसांत उठून दिसणारा गडी. त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

"करिष्माच्या लग्नाचं मिक्सिंग तुमच्याकडंच झालंय ना, ताई?"

"हो, आमच्याकडंच. का, काय राहिलं का?"

"राह्यलं न्हाई. जास्तीचं आलंय."

करिष्मा म्हणजे त्यांची लेक. लग्न वैशाखात झालं होतं. पोळ्याच्या सुमारास तानाजीरावांचे वडील, बद्रीनाथ आबा, गेले. सिनेमा घरी पोचला तो त्यांच्या माघारी, आणि दिवाळीत पाहुणेरावळे जमल्यावर तो पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून पाहिला. तिथून ही आग लागली होती.

उज्ज्वलाने पेन ड्राइव्ह लावला. तानाजीरावांनी बोटाने दाखवलं तिथे थांबली. स्टेजवर केशरी फेटा बांधलेले आबा हातात माइक घेऊन उभे होते. फेट्याच्या घड्यांत हळद लावलेल्या ज्वारीच्या अक्षता अडकलेल्या. एका बाजूला खुर्चीवर साहेब, म्हणजे त्या भागातले बडे पुढारी, आणि दुसऱ्या बाजूला हात जोडून स्वतः तानाजीराव. चित्राच्या कोपऱ्यात वेळ दिसत होती. आबांचा भरदार आवाज आला.

"ह्या रानात दगड व्हते. आश्रुबाची मेंढरं बसवली तवा कुठं माती झाली. मी आसंन नसंन, ती मेंढरं आपल्या रानातून तळ्यावर जातील. ती वाट कुनी अडवायची न्हाई."

"ऐकलं?" तानाजीराव म्हणाले. "आता सांगा. मी आबांच्या शेजारी उभा हाय, दिसतोय ना? हितं उभं राहून मी हे ऐकलं न्हाई. आबा असं बोललेच न्हाईत. आन नीट बघा, तोंड एक बोलतंय आन आवाज दुसराच येतोय."

गोष्ट अशी होती की तळ्याकाठच्या त्या रानात तानाजीरावांना डाळिंब लावायचं होतं आणि त्यासाठी तारेचं कुंपण घालायचं होतं, तार आणूनही टाकली होती. कुंपण पडलं की धनगर आश्रुबाच्या मेंढरांची, ज्यांच्या लेंडीखताने ते रान पिकतं झालं होतं, तळ्यावर जायची वाट बंद. आश्रुबा मोबाइलवर हाच तुकडा घेऊन साऱ्या गावात फिरला होता.

"आबांचा शब्द आसंल तर मी तार उद्याच्या उद्या गुंडाळून ठेवतो," तानाजीराव म्हणाले. "बापाचा शब्द मोडायला मी काय उकिरड्यावर वाढलो न्हाई. पन आजकाल कॉम्प्युटरवर मेलेल्या मान्साचा आवाज काढता येतो म्हनं. उद्या सकाळी मारुतीपुढं बैठक हाय. तिथं मला खरं काय ते पाह्यजे. खोटं निघालं तर ज्यानं केलं त्याच्यावर केस."

ते थांबले आणि खोलीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे एक मुलगी कामाला बसली होती. ऐकता ऐकता तिच्या कानावरचा हेडफोन कधीच गळ्यात आला होता.

"ही पोरगी आश्रुबाची नात हाय ना? हिनंच केलंय ना मिक्सिंग?"

उज्ज्वलाला हो म्हणावं लागलं.

२

तानाजीराव खाली उतरले तरी ती मुलगी, संस्कृती, जागची हलली नाही. वीस-एकवीस वर्षांची, हुशार पोर. तिचे आईबाप मेंढरांमागे वर्षातले आठ महिने रानोमाळ असायचे. आजोबांनी, म्हणजे आश्रुबानेच, तिला हट्टाने इथे शिकायला ठेवलं होतं. केस झाली तर कड्यातच काय, बीडलाही तिला कोणी कॉम्प्युटरला हात लावू दिला नसता.

"ताई, मी न्हाई केलं," ती म्हणाली.

"केलं म्हणून मी म्हणाले का? प्रोजेक्ट उघड."

प्रोजेक्ट उघडला आणि पडदा लालभडक झाला. चित्राच्या जागी लाल, आवाजाच्या जागी लाल. मूळ फायली जागेवर नसल्या की असं होतं. कोणत्या तुकड्यानंतर कोणता ठेवला याचा सांगाडा राहतो, मांस उडून जातं.

"मूळ फायली कुठंयत?"

"तुमीच म्हनल्या व्हत्या ना, डिस्क भरली, दिलेली लग्नं काढून टाक म्हनून."

उज्ज्वला तसं म्हणाली होती खरी. पण बाहेरच्या माणसाला हे कसं दिसेल, हेही तिला कळत होतं. मुलीनेच मिक्सिंग करायचं, मुलीनेच फायली पुसायच्या आणि फायदा मुलीच्या आजोबांचा व्हायचा.

तिने त्या लाल सांगाड्यावरून नजर फिरवली. आबांच्या भाषणापाशी दोन लाल पट्ट्या एकावर एक चढलेल्या होत्या.

"ह्या दोन कशाच्या?"

"क्लिपा चढल्या व्हत्या एकमेकीवर. त्या लग्नात लई ठिकाणी तसं झालतं. मला वाटलं कार्डातनं डबल कॉपी झाली. वरचीत साहेब दिसत व्हते, मग वरची ठेवली. साहेब न्हाई दिसले तर लोक पैसे देत न्हाईत."

हे मात्र खरं होतं.

"आवाज कसा जुळवलास? टाळी होती का?"

शूटिंग सुरू करताना कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची, म्हणजे नंतर चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी एकमेकींवर बसवता येते, हे उज्ज्वला प्रत्येक शूटिंगवाल्याला सांगून दमली होती.

"टाळी कुठली? प्रविणदादा कधी वाजवतेत? त्यात कॅमेऱ्याचा सोताचा आवाज बी न्हवता. कॉलर माइकची वायर खोचून ठेवली आन माइक चालूच केला न्हाई. मग घड्याळावर जुळवलं. सकाळी कॅमेरा आन रेकॉर्डर, दोन्हींची घड्याळं जुळवली हायत म्हनले व्हते. आन ताई, मंडपवाल्या बजरंगकाकांनी बी गोंधळच केलता. अक्षतांच्या टायमाला रेकॉर्डरमधी मंगलाष्टकच न्हवती. मग आपल्याकडची तयार लावली."

"तोंड आणि आवाज जुळत नाहीत हे दिसलं नाही तुला?"

"आबांच्या मिशा केवढ्या हायत," संस्कृती रडवेल्या आवाजात म्हणाली. "व्हटच दिसत न्हाईत."

उज्ज्वलाला हसू आलं, पण तिने ते दाबलं. पेन ड्राइव्हवरचं भाषण तिने मोठं करून लावलं. आवाज चित्राच्या पुढेमागे होण्याचा आजार तिच्या रोजच्या ओळखीचा होता. मोबाइलवर काढलेल्या चित्राचा वेग कमीजास्त होतो, तेव्हा आवाज सुरुवातीला जुळतो आणि हळूहळू घसरत जातो. इथे तसं नव्हतं, पहिल्या शब्दापासूनच गडबड होती. दुसरा आजार म्हणजे सगळा आवाज एकदमच थोडा मागे किंवा पुढे बसणं. त्यावर औषध सोपं, आवाजाची पट्टी सरकवत जायची, कुठेतरी ओठ आणि शब्द एकमेकांना भेटतातच.

तिने पट्टी सरकवली. पुढे नेली, मागे आणली. चहा येऊन गार झाला. आबा आवाजात थांबत तेव्हा चित्रात बोलत होते, चित्रात हात जोडत तेव्हा आवाजात खोकत होते. मिशांखालचा जबडा कुठेच त्या शब्दांना भेटत नव्हता.

शेवटी तिने माउस बाजूला ठेवला. तानाजीराव खरं बोलत होते. या चित्रातल्या आबांनी ते शब्द उच्चारलेच नव्हते.

३

बजरंगचं मंडप-स्पीकरचं गोदाम स्टँडमागे होतं. हा माणूस गेली कित्येक वर्षं लग्नात माइकवरून पाहुण्यांची नावं पुकारत आला होता, त्यामुळे साधं बोलतानाही सत्कार करत असल्यासारखा बोलायचा.

"या, या, उज्ज्वलाआक्का! आमच्या गोदामाला आज पाय लागले."

"लागले खरे. बजरंगभाऊ, करिष्माच्या लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी तुम्ही रेकॉर्डर बंद ठेवला होता म्हणे."

बजरंगचा चेहरा पडला. "कोन म्हनलं? आक्का, मशीन लावलं की मी त्याला हात लावत न्हाई. सकाळी घड्याळ मिळवलं, बटन दाबलं, आन मंडप सोडताना बंद केलं. मधी एक मिनिट बी बंद न्हाई. माज्याकडं सगळं ठिवलेलं हाय."

"सगळं? कशाला ठेवता एवढं?"

"लोक नंतर भांडतेत ना, आमचं नाव घेतलं न्हाई म्हनून. मग ऐकवायला लागतं."

असा शहाणपणा आपल्या सेंटरमध्ये असता तर किती बरं झालं असतं, असं उज्ज्वलाच्या मनात येऊन गेलं. तिने तिथेच, वायरींच्या भेंडोळ्यांवर बसून हेडफोन लावला.

आवाज सलग होता. जनरेटरची घरघर, पोरांचा गोंगाट, भांड्यांचे आवाज. कुणी मध्ये शब्द चिकटवले असते तर मागची घरघर कुठेतरी तुटली असती. तशी ती कुठेच तुटत नव्हती. आबांचं भाषण त्या घरघरीत अखंड बसलेलं होतं. आवाज अस्सल होता यात तिला शंका उरली नाही.

मग तिने भाषणाची सुरुवात ऐकली. सिनेमात ही सुरुवात नव्हती, संस्कृतीने कापली होती. का कापली ते ऐकल्याबरोबर कळलं, कुठल्याही यजमानाला ती आवडली नसती.

"साहेब येतील तवर बोला म्हनले, म्हनून उभा राह्यलोय," आबा म्हणत होते. "मान्सं उपाशी बसलीत. माजा तानाजी आत्ता हितं न्हाई, साहेबांना आनायला फाट्यावर गेलाय. तो आला की सांगा त्याला. ह्या रानात दगड व्हते..."

उज्ज्वलाने हेडफोन काढला आणि परत लावला. तानाजी इथे नाही. पण सिनेमात तर तानाजीराव आबांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते.

तिने आवाज पुढे पळवला. बजरंगचा पुकारा आला, साहेबांचं आगमन झालं आहे, टाळ्या. मग बराच वेळ सत्कार, आणि त्यानंतर ज्यांचा पत्ता लागत नव्हता ती मंगलाष्टकं, शेवटचं सावधान, बँडचा दणका. आणि आणखी पुढे पुन्हा आबांचाच आवाज, साहेबांचे आणि लिंबागणेशच्या व्याह्यांचे आभार मानणारा. त्यात मेंढरांचं नावही नव्हतं.

"बजरंगभाऊ, आबा दोनदा बोलले होते?"

"दोनदा का तीनदा, ध्यानात न्हाई आक्का. मी साहेबांची गाडी कुठवर आली ते बघत व्हतो. सगळेच तिकडं बघत व्हते."

४

माडीवर परत येऊन तिने संस्कृतीला शेजारी बसवलं आणि पेन ड्राइव्हवरचं ते चित्र थांबवलं.

"आबांच्या डोक्याकडं बघ. काय दिसतंय?"

"फेटा."

"फेट्यात?"

"अक्षता हायत." संस्कृती थोडी पुढे वाकली. "लग्न लागल्यावर पडल्या आसतील."

"म्हणजे हे चित्र लग्न लागल्यानंतरचं आहे. साहेब येऊन बसलेत, तानाजीराव शेजारी आहेत, सगळं बरोबर. आणि आवाजात आबा म्हणतात साहेब अजून यायचेत, तानाजी फाट्यावर गेलाय. बजरंगच्या मशीनमध्ये मंगलाष्टकं त्या भाषणाच्या नंतर येतात. म्हणजे आवाज कधीचा?"

"लग्नाआधीचा," संस्कृती हळूच म्हणाली.

"चित्र खरं आहे, आवाजही खरा आहे. पण दोन्ही एका वेळची नाहीत. एकाचं घड्याळ चाललंय, दुसऱ्याचं कुठेतरी गंडलंय. आता मला सांग, अक्षता पडतात तिथं कोपऱ्यात किती वाजलेत?"

संस्कृतीने सिनेमा मागे नेला. "बारा पस्तीस. पत्रिकेत मुहूर्त बी तोच व्हता."

"अगं, आपल्या भागात पुढारी यायचा असताना मुहूर्तावर लागलेलं लग्न तू पाहिलंयस का कधी?"

संस्कृतीने पाहिलं नव्हतं. उज्ज्वलानेही नव्हतं. तिने प्रविणला फोन लावला आणि कॅमेरा घेऊन ये, एक काम आलंय म्हणाली.

प्रविण मोटारसायकलवरून तासाभरात आला. उत्साही, बडबड्या पोरगा, पण करिष्माच्या लग्नाचं नाव निघताच त्याची बडबड आटली.

"त्याचं कार्ड कवाच फॉरमॅट केलं, ताई. काही शिल्लक न्हाई."

"राहू दे. कॅमेरा दे जरा."

त्याला काही कळायच्या आत तिने कॅमेरा चालू केला आणि भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो काढला. मग त्या फोटोची माहिती उघडून त्याच्यापुढे धरली. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला आले होते. कॅमेरा म्हणत होता, आत्ता कुठे अडीच.

"तुझा कॅमेरा दीड तास मागं चालतोय, प्रविण. वैशाखापासून मागंच चालतोय ना? परत पुढं करायला विसरलास."

प्रविण खुर्चीवर बसला. खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, परत ठेवला.

"त्यात कुनाचं वाईट न्हवतं, ताई. लिंबागणेशची मान्सं मुहूर्ताला लई कडक. म्हनून सिनेमात येळ दिसली पाह्यजे असं त्यांनीच सांगितलेलं. आन हितं साहेबांचा पत्ता न्हाई. शेवटी अक्षता पडायच्या आधी मला बाजूला घेऊन सांगितलं, कॅमेऱ्यात बारा पस्तीस वाजव. सिनेमात तरी मुहूर्त साधू दे. मी घड्याळ मागं केलं."

"कोणी सांगितलं?"

"मी शब्द दिलाय, ताई."

"त्या शब्दापायी या पोरीवर केस होणार आहे उद्या."

प्रविणने संस्कृतीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघतही नव्हती, ती बोटांनी टेबलाची कडा घासत होती. तेव्हा त्याने नाव सांगितलं. उज्ज्वलाने ते दोनदा विचारून घेतलं. हे नाव तिच्या अंदाजात कुठेच नव्हतं.

"उद्या बैठकीत मी ते नाव घेणार नाही," ती म्हणाली. "ज्याचं त्यानं घ्यावं. पण मूळ शूटिंग तुझ्याकडं आहे. तुझ्यासारखा माणूस पहिल्याच झटक्याला कार्ड फॉरमॅट केलं म्हणतो, तेव्हा त्याच्याकडं कॉपी असते."

प्रविणने मान डोलावली. ती घरी, कपाटात होती.

५

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळापुढच्या पारावर खडकओढा जमला होता. एका बाजूला तानाजीराव आणि त्यांची भावकी. दिवाळसणाला लेक-जावयाबरोबर आलेले लिंबागणेशचे व्याही रामभाऊ खुर्चीवर बसले होते. समोर खाली घोंगडी अंथरून आश्रुबा आणि त्याची बायको छबुबाई. छबुबाईने नातीला अगदी जवळ ओढून बसवलं होतं. उज्ज्वलाने देवळाच्या भिंतीला टेकवून मोठा टीव्ही लावला आणि शेजारी लॅपटॉप उघडला.

"तानाजीराव म्हणतात, या चित्रात आबा हे बोललेले नाहीत," तिने सुरुवात केली. "त्यांचं बरोबर आहे."

पारावर कुजबूज उठली. आश्रुबाने घोंगडीवरचा हात उचलून कपाळाला लावला. तानाजीरावही चमकून तिच्याकडे बघायला लागले.

"आणि आश्रुबाबा म्हणतात, आबा हे बोललेत. त्यांचंही बरोबर आहे. आबा त्या दिवशी दोनदा बोलले. एकदा लग्न लागायच्या आधी, एकदा नंतर. नंतरच्या वेळी तानाजीराव शेजारी होते. आधीच्या वेळी नव्हते."

तिने बजरंगच्या मशीनमधला आवाज लावला. आबांच्या आवाजाने पार भरून गेला. "माजा तानाजी आत्ता हितं न्हाई, साहेबांना आनायला फाट्यावर गेलाय. तो आला की सांगा त्याला."

तानाजीरावांचा हात मिशीवर होता, तो तसाच राहिला.

"कॅमेरा आणि आवाजाचं मशीन, दोघांची घड्याळं सकाळी जुळवलेली होती," उज्ज्वला सांगत गेली. "कॉम्प्युटर घड्याळ बघतो आणि ज्या वेळेचं चित्र, त्या वेळेचा आवाज त्याखाली ठेवतो. पण अक्षता पडायच्या वेळी कॅमेऱ्याचं घड्याळ मागं झालं. मशीनचं झालं नाही. मग लग्नानंतरचं चित्र जाऊन बसलं लग्नाआधीच्या आवाजावर. या पोरीनं जुळवलं ते घड्याळाप्रमाणं जुळवलं. एवढाच प्रकार आहे."

"कॉम्प्युटरवर काय बी दाखवता येतं, ताई," तानाजीरावांच्या भावकीतला एक जण म्हणाला. "आवाज बनवला तसं हे बी बनवलं आसंल."

"म्हणून तर चित्र आणलंय. घड्याळ मागं गेलं की तीच वेळ दुसऱ्यांदा वाजते. एकाच वेळेच्या दोन क्लिपा तयार होतात. वरची तुम्ही सगळ्यांनी पाहिली. खालची तिच्याखाली झाकलेली होती. संस्कृती, वरची उचल."

संस्कृती उठून लॅपटॉपपाशी आली. तिने वरची पट्टी धरली आणि बाजूला सरकवली.

पडद्यावर तेच स्टेज होतं. साहेबांची खुर्ची रिकामी, शेजारी कोणी नाही. आबांच्या फेट्यावर एकही अक्षता नव्हती. आणि ते बोलत होते. त्या जाडजूड मिशा शब्दांबरोबर हलत होत्या, दगड म्हणताना जबडा खाली येत होता, "कुनी अडवायची न्हाई" म्हणताना त्यांचं बोट हवेत उठलं आणि शब्दाबरोबरच खाली आलं. स्टेजखाली पहिल्या रांगेत, पाठमोरा, डोक्याला लाल पटका बांधलेला एक माणूस हात जोडून उभा होता. छबुबाईने शेजारच्या नवऱ्याच्या पटक्याकडे पाहिलं आणि तिला हुंदका आला.

पण भावकीतला तो माणूस गप्प बसणारा नव्हता. "घड्याळ आपोआप मागं जातं व्हय? कुनी केलं ते सांगा. ह्या पोरीनंच केलं आसंल तर?"

प्रश्न रास्त होता. सगळ्यांच्या माना प्रविणकडे वळल्या. प्रविण चपलेच्या अंगठ्याने माती उकरत होता. उज्ज्वलाने कोणाकडेच पाहिलं नाही, टीव्हीची एक वायर सैल होती ती घट्ट करत बसली. छबुबाईने आपलाच पदर मुठीत धरला होता.

तानाजीराव उठले. त्यांनी आधी खुर्चीवरच्या व्याह्यांकडे पाहिलं, मग पडद्याकडे. आबा तिथे बोट उगारून थांबलेले होते.

"घड्याळ मी मागं करायला लावलं," ते म्हणाले. "साहेबांसाठी मी लग्न खोळंबवून ठेवलं. मुहूर्त टळला. रामभाऊंना सिनेमात तरी तो दिसावा म्हनून प्रविणला सांगितलं. त्या पोरीचा ह्यात काही गुन्हा न्हाई. ती तार मी आजच गुंडाळून ठेवतो."

 मग खुर्चीवरून रामभाऊंचा आवाज आला.

"तानाजीराव, त्या दिवशी आमच्या पन्नास मान्सांच्या हातात घड्याळं व्हती. पोटात कावळे वरडत व्हते. मुहूर्त कवा टळला ते आमाला तिथंच कळलं."

"मग बोलला न्हाईत कावून?"

"पोरगी गुनाची हाय. बोलून काय करायचं?"

लोक हसले. तानाजीरावही हसायला गेले, पण ते जमलं नाही. ते पारावरून उतरून घोंगडीपाशी आले आणि आश्रुबासमोर उकिडवे बसले.

"आश्रुबाबा, आबा म्हनले व्हते, तो आला की सांगा त्याला. तुमी पुढंच उभे व्हता. मला सांगितलं कावून न्हाई?"

आश्रुबाने पटका सारखा केला. "आपल्याच फायद्याची गोष्ट आपन कशी सांगावी, दादा? वाटलं, दुसरं कुनीतरी सांगंल. तेवढ्यात साहेबांची गाडी आली, आन समदे तिकडं पळाले."

तानाजीराव मग उठून संस्कृतीपाशी गेले.

"पोरी, तुला बोललो त्याचं मनात ठेवू नकोस. हा सिनेमा परत नीट करून दे. आबा जिथले तिथं ठेव."

"कोपऱ्यात येळ कोनती टाकू, काका?"

"खरी टाक." ते जायला वळले आणि परत थांबले. "आन आत्ता एकदा लाव. पहिल्यापास्नं. जिथं माझं नाव घेतलंय तिथनं."

संस्कृतीने पट्टी मागे ओढली, आणि आबा पुन्हा बोलायला उभे राहिले.